मुलांसोबत ‘द ब्लॅक स्टॅलियन’ पाहताना: नाशिकमधील घरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एका मुलाच्या आणि एका घोड्याच्या मैत्रीचा ‘द ब्लॅक स्टॅलियन’ हा १९७९ सालचा अमेरिकी चित्रपट घरातील तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहावा असा आहे, परंतु तो सहज लावून दिला तर हमखास फसतो. कारण सरळ आहे. या चित्रपटाचा गाभा म्हणजे एका निर्जन बेटावरील जवळजवळ अर्ध्या तासाचा भाग, आणि त्या भागात संवाद नाहीतच म्हटले तरी चालेल. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असेल, ट्यूबलाइट चालू असेल आणि कोणाचा तरी मोबाइल वाजत असेल, तर हा अर्धा तास मुलांना कंटाळवाणा वाटतो. काळोख आणि शांतता असेल, तर तीच मुले जागची हलत नाहीत. आमच्या घरी आणि नंतर नातेवाइकांच्या गच्चीवर हा चित्रपट दाखवताना जे ध्यानात आले, ते प्रथमच असा बेत आखणाऱ्या पालकांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

काय काय लागेल

चित्रपटाची अधिकृत प्रत, म्हणजे डिस्क किंवा ओटीटीवरील भाड्याची वा विकतची प्रत, टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एचडीएमआय केबल, तीही गरजेपेक्षा थोडी लांबच, टीव्हीच्या आवाजावर भागणार नसेल तर बाहेरचा स्पीकर, एक्स्टेंशन बोर्ड, खिडक्यांना जाड पडदे किंवा जुन्या चादरी, बसायला सतरंज्या आणि उशा, आणि आवाज न करणारा खाऊ. कागदपत्रे घरच्या घरी पाहण्यासाठी लागत नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा असल्यास मात्र काही गोष्टी पाहाव्या लागतात. त्या सहाव्या टप्प्यात दिल्या आहेत.

१. नेमका चित्रपट ओळखा

सारख्या नावांमुळे येथेच पहिली गफलत होते. आपल्याला हवा आहे तो १९७९ चा, कॅरल बॅलार्ड यांनी दिग्दर्शित केलेला आणि वॉल्टर फार्ली यांच्या १९४१ सालच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट. ‘द ब्लॅक स्टॅलियन रिटर्न्स’ हा १९८३ चा पुढचा भाग आहे, तर ‘द यंग ब्लॅक स्टॅलियन’ हा २००३ चा निराळाच चित्रपट आहे. ‘ब्लॅक ब्यूटी’चा या कथेशी काहीही संबंध नाही, ती ॲना स्यूएल यांची १८७७ सालची इंग्लंडमधील घोड्याची कहाणी आहे आणि तिच्यावर स्वतंत्र चित्रपट निघालेले आहेत. शोधताना वर्ष आणि दिग्दर्शकाचे नाव ताडून पाहा. मुलाच्या भूमिकेत केली रेनो आणि वृद्ध प्रशिक्षकाच्या भूमिकेत मिकी रूनी ही नावे दिसली, की प्रत बरोबर आहे असे समजावे. लांबी दोन तासांना दोनेक मिनिटे कमी इतकी आहे. समोरची प्रत याहून बरीच छोटी असेल तर ती कापलेली आहे, आणि अशा प्रतींमध्ये कात्री बहुधा बेटावरच्या ‘काहीच न घडणाऱ्या’ भागावर चाललेली असते.

२. प्रत मिळवा आणि आदल्या दिवशी तपासा

ओटीटीवरचे जुने चित्रपट येतात आणि जातात. आज यादीत दिसला म्हणून पुढच्या रविवारी असेलच असे नाही. भाड्याने घेणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी पाहण्याची मुदत वाचा. एकदा सुरू केल्यावर ठरावीक तासांतच चित्रपट संपवावा लागतो, आणि ‘थोडा आज, थोडा पुढच्या आठवड्यात’ या बेताला ती मुदत आड येते.

डिस्क परदेशातून मागवणाऱ्यांनी प्रदेशाची अट, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात विकलेल्या प्लेअरवर चालते ते, जरूर पाहावी. भारत डीव्हीडीसाठी पाचव्या प्रदेशात आणि ब्ल्यू-रेसाठी ‘सी’ प्रदेशात मोडतो. अमेरिकेत क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २०१५ साली या चित्रपटाची उत्तम ब्ल्यू-रे काढली, पण ती ‘ए’ प्रदेशासाठी आहे; येथे घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये ती लागत नाही. सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर हाताशी असेल तरच त्या खर्चात पडावे.

तपासणी म्हणजे पहिले दृश्य लावून पाहणे नव्हे. बोटीवरील वादळाचा प्रसंग लावा, त्यानंतर लगेच बेटावरील सकाळ लावा, आणि दोन्हींचा आवाज बसण्याच्या जागेवरून ऐका. वादळाला आवाज मोठा वाटला म्हणून रिमोटने कमी केला, की बेटावर लाटा आणि घोड्याचा श्वास ऐकूच येत नाहीत. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ असल्यास तो वापरून पाहावा. मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणणारी ही सोय फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही बरी पडते. या चित्रपटाच्या ध्वनिसंपादनासाठी ॲलन स्प्लेट यांना ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला होता. म्हणून खर्चाची निवड करायची वेळ आली, तर पडदा लहान ठेवून स्पीकर चांगला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. टीव्हीची मांडणी बदला

हे काम थोडक्यात आटोपते, पण बहुतेक जण ते करतच नाहीत. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय मुळातच चालू असते आणि तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ती बंद करा. चित्राचा ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ प्रकार निवडा. वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या दिसतील. त्या घालवण्यासाठी ‘झूम’ करू नका, कारण कॅलेब डेशॅनेल यांच्या छायाचित्रणात विस्तीर्ण किनाऱ्यावर ठिपक्याएवढा मुलगा चौकटीच्या अगदी कडेला उभा असतो आणि झूममध्ये नेमका तोच कापला जातो.

प्रोजेक्टर भाड्याने घ्यायचा झाल्यास लग्नकार्यांना साउंड आणि पडदा पुरवणारे व्यावसायिक शहरात सर्व भागांत आहेत. जाहिरातीत ‘लुमेन’चा, म्हणजे प्रकाशाच्या मापाचा, मोठा आकडा छापलेला असतो, त्यावर जाऊ नये; ‘एएनएसआय लुमेन’, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला प्रकाश, किती, ते विचारावे आणि संध्याकाळी लावून दाखवायला सांगावे.

४. वेळ आणि जागा ठरवा

दिवाणखान्यात पाहायचा असेल तर ऋतूचा प्रश्न नाही, फक्त पश्चिमेकडची खिडकी झाकावी लागते. गच्चीचा बेत असेल तर नाशिकचे हवामान आधी विचारात घ्यावे लागते. जून ते सप्टेंबर पावसामुळे गच्ची बाद होते. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो खरा, पण आठ वाजता आजी-आजोबांना उघड्यावर बसवण्याजोगी थंडी आपल्याकडे नसते. ती त्याहून कडक असते. दिवाळीच्या सुट्टीत फटाके, मार्चमध्ये परीक्षा. उरतात ते फेब्रुवारी, एप्रिल आणि मे. मे महिन्यात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि पडद्यावर चित्र नीट दिसण्याइतका काळोख व्हायला पावणेआठ होतात. त्या वेळी सुरू करून पंधरा मिनिटांचे मध्यंतर घेतले, तर चित्रपट दहाच्या ठोक्याला संपतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही, म्हणून साडेआठला पाहुण्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. जे येतील त्यांना घेऊन सुरू करावे.

गच्चीवर पडदा म्हणून चादर लावणार असाल तर खालची कडा मोकळी सोडू नका. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटतो आणि फडफडणाऱ्या चादरीवर घोडा लाटांवाचूनच पोहताना दिसतो. चादरीच्या खालच्या शिवणीत बांबू किंवा लोखंडी नळी सरकवून ती दोन्ही बाजूंनी विटांना बांधली, की काम होते.

५. मुलांना भीती वाटेल असे प्रसंग आधी जाणून घ्या

अमेरिकेत हा चित्रपट ‘जी’ म्हणजे सर्व वयांसाठी म्हणून प्रमाणित झाला होता. आपल्याकडे ओटीटीवर ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’ अशा खुणा असतात, त्या पाहाव्यातच. परंतु नुसत्या खुणेवर विसंबू नये. मुलांना अवघड जाणारे प्रसंग असे आहेत. बोटीला आग लागते आणि ती बुडते; त्या गोंधळात एक माणूस मुलाच्या अंगावरचे लाइफ जॅकेट ओढून घेऊ पाहतो; मुलाचे वडील त्या अपघातात जातात. बेटावर झोपलेल्या मुलाच्या अगदी जवळ नाग फणा काढून उभा राहतो. यांतला पहिला भाग लांब आहे, रात्रीचा आहे आणि मोठ्यांच्याही अंगावर येतो.

माझ्या मते सहा-सात वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवण्याची घाई करू नये. त्यावरील मुलांना ‘बोट बुडते, बाबा परत येत नाहीत, मुलगा मात्र वाचतो’ एवढे आधीच सांगून ठेवावे. गोष्ट फुटली म्हणून काही बिघडत नाही. उलट, मुलगा वाचणार हे ठाऊक असल्यामुळे मुले त्या प्रसंगातही पडद्याकडे पाहत राहतात. घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर हा बेत काही महिने पुढे ढकलणेच योग्य.

६. सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा असेल तर

घरच्या माणसांसाठी घरात चित्रपट लावणे वेगळे आणि हॉलमध्ये सूचनाफलकावर चिठ्ठी लावून सर्वांना बोलावणे वेगळे. विकतच्या डिस्कवर आणि ओटीटीच्या अटींमध्ये ‘खासगी वापरासाठी’ असे लिहिलेले असते. तिकीट लावले नाही म्हणजे परवानगी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकाची किंवा त्याच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाल्यास तिची प्रत, सोसायटीच्या सचिवांची हॉलसाठीची लेखी संमती आणि वेळेची नोंद एका फायलीत ठेवावी. एवढा खटाटोप नको असेल, तर दोन-तीन घरांतील मुले आळीपाळीने एकमेकांकडे जमवणे सोपे आणि खरे तर जास्त आनंदाचे.

७. सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटांची गोष्ट सांगा

इंग्रजी संवाद कळणार नाहीत, ही मराठी माध्यमातील मुलांची आणि आजी-आजोबांची अडचण या चित्रपटात इतरांपेक्षा कमी आहे, पण ती नाहीच असे नाही. बोटीवर वडील मुलाला घोड्याची एक छोटी मूर्ती देतात आणि सिकंदराच्या बुसेफलस नावाच्या घोड्याची गोष्ट सांगतात. हा प्रसंग बोलण्यावर चालतो आणि पुढचा सारा चित्रपट त्यावर उभा आहे, म्हणून ही गोष्ट आधीच मराठीत सांगावी. सगळ्यांना फेकून देणारा तो घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो, हे लहानग्या सिकंदराने हेरले आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवून सावली मागे टाकली, ही प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलेली जुनी कथा आहे. चित्रपटातले वडील ती आपल्या पद्धतीने रंगवतात. तो घोडा पुढे झेलम नदीच्या काठी मेला आणि सिकंदराने त्याच्या नावाने तेथे नगर वसवले, हेही मुलांना सांगा. चेतकाची गोष्ट ठाऊक असलेल्या मुलांना हे लगेच पटते.

त्याच वेळी सगळ्यांच्या हाती मूर्तीसोबत मिळालेल्या खिशातल्या चाकूचाही धागा द्यावा, कारण वडील तो मुलाला का देतात हे बेटावर पोहोचल्यावर कळते. एवढे पुरे. नट कोण, पुरस्कार किती, हे सगळे नंतर. आजोबा अरबी घोडा आणि आपले भीमथडीचे तट्टू यांतला फरक सांगू लागले, तर तेवढे मात्र सांगू द्यावे.

८. बेटाचा भाग: कोणीही बोलायचे नाही

सगळी तयारी खरे तर या भागासाठी आहे. इटलीतील सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर चित्रित झालेल्या या दृश्यांत मुलगा आणि घोडा यांच्याशिवाय कोणी नाही. खडकात दोर अडकून पडलेल्या घोड्याला मुलगा सोडवतो, आणि घोडा त्याच्याकडे न बघता निघून जातो. पुढे मुलगा समुद्रातील शेवाळ घेऊन त्याच्यापुढे ठेवतो. घोडा येत नाही. मुलगा मागे सरकतो, पाठ वळवतो, वाट पाहतो. घोड्याचे एक पाऊल पुढे पडते, मान लांब होते, पुन्हा आखडते. हे किती वेळ चालते ते मोजू नये. त्या मोकळ्या वेळात घोड्याचे कान कोणत्या दिशेला वळतात ते मुले आपोआप पाहू लागतात, आणि घोड्याचे मन कानांवरून ओळखायचे असते हे त्यांना कोणी न सांगताच समजते.

येथे मोठ्यांची जीभ आवरावी लागते. ‘आता बघ हं, तो येईल’, ‘बिचारा भुकेला असेल’ असे धावते समालोचन करण्याचा मोह होतो आणि त्यात चांगल्या हेतूचे पालकच पुढे असतात. मुलाने प्रश्न विचारला तर त्याचा हात हातात घ्यावा, उत्तर नंतर द्यावे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपली चित्रसंस्था नाशिकला आणली आणि येथून मूकपट देशभर गेले. शब्दांवाचून गोष्ट समजणारे प्रेक्षक या गावाला नवे नाहीत.

खाऊचा प्रश्न याच भागात उभा राहतो. नाशिकला पाहुणे येणार म्हटल्यावर चिवडा ओघाने आलाच, परंतु चिवड्याची पुडी उघडण्याचा आणि त्यातले तळलेले पोहे चावण्याचा आवाज बेटावरच्या लाटांवर सहज मात करतो. चिवडा मध्यंतरासाठी राखून ठेवावा. पहिल्या भागात केळी, द्राक्षांचा हंगाम असेल तर द्राक्षे, नाहीतर मऊ लाडू द्यावेत.

९. मध्यंतर नेमके कोठे घ्यायचे

मच्छीमार येऊन मुलाला बेटावरून घेऊन जातात आणि गोष्ट अमेरिकेतील घराकडे वळते, तेथे, साधारण तासाभराच्या सुमारास, थांबावे. त्याआधी थांबल्यास बेटाची धुंदी मोडते. नंतर थांबल्यास लहान मुले पेंगुळतात आणि शर्यत राहून जाते.

चहा-चिवड्याच्या या वेळात दुसऱ्या भागाची ओळख करून द्यावी, कारण येथून संवाद वाढतात. घरामागच्या अंगणात न मावणारा घोडा पळून जातो आणि हेन्री नावाच्या निवृत्त प्रशिक्षकाच्या तबेल्यात सापडतो. हेन्री मुलाला शर्यतीसाठी तयार करतो. देशातील दोन नामांकित घोड्यांविरुद्ध या अनोळखी घोड्याला उतरवण्याची टूम निघते. मिकी रूनी यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन होते, आणि १९४४ च्या ‘नॅशनल वेल्व्हेट’ या मुलगी आणि घोड्याच्या चित्रपटातही तेच प्रशिक्षकाच्या भूमिकेत होते. त्यात बारा वर्षांची एलिझाबेथ टेलर होती. आजोबांना ही नावे माहीत असण्याची शक्यता मुलांपेक्षा बरीच अधिक आहे, तेव्हा हा भाग त्यांच्याकडे सोपवावा. दुसऱ्या भागात इंग्रजी सबटायटल लावून मोठ्या भावंडाने आजीच्या शेजारी बसावे आणि गरज पडेल तेथेच एखादे वाक्य हळूच सांगावे. शब्दशः भाषांतर करत बसू नये.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर उत्तरार्ध पूर्वार्धाइतका मोठा नाही. शर्यतीच्या चित्रपटांचा ठरलेला मार्ग तो पकडतो. तरीही आई आणि मुलगा यांच्यातील शांत प्रसंग आणि पावसातल्या रात्रीची चाचणी चुकवू नयेत.

१०. चित्रपट संपल्यानंतर सांभाळायच्या गोष्टी

दुसऱ्या दिवशी मुले घोड्याला साखर खाऊ घालायला निघतात, हे गृहीत धरा. वरातीतली घोडी किंवा टांग्याचा घोडा दिसला की ती थेट त्याच्याकडे धावतात. घोड्याला स्वतःच्या पाठीमागचे आणि नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही, म्हणून मागून जाणे धोक्याचे असते. मालकाला विचारूनच जवळ जावे, खांद्याच्या बाजूने जावे, आवाज देत जावे, आणि खाऊ द्यायची परवानगी मिळाल्यास तळहात सपाट ठेवून बोटे जुळवून द्यावा. साखरेपेक्षा गाजराचा तुकडा बरा. लगाम आणि खोगीर नसलेल्या घोड्यावर मुलगा भरधाव जातो ते पडद्यावर. शिकायला पाठवायचे असल्यास हेल्मेट देणारा आणि प्रशिक्षक सोबत ठेवणारा वर्गच निवडावा. समुद्रात घोड्यासोबत पोहण्याच्या दृश्यांनंतर गोदावरीत किंवा गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरण्याची टूम निघाली, तर तिला तेथेच स्पष्ट नकार द्यावा.

मुलांना चित्रपट कसा बनवला हे विचारायला आवडते. काळ्या घोड्याची भूमिका कास ओले नावाच्या अरबी घोड्याने केली आणि त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या खुणा रंगवून झाकल्या होत्या, हे सांगितले की पुन्हा एकदा चित्रपट लावून त्या शोधण्याची मागणी होते. भाड्याच्या प्रतीची मुदत उरली असेल, तर ती मान्य करायला हरकत नाही.

खरे घोडे मोठ्या संख्येने पाहायचे असतील, तर दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणारी सारंगखेड्याची यात्रा आहे. गर्दी फार असते, म्हणून लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोहोचावे आणि मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.